मिसरचा खेळ आमच्या गायरानात

शेवटचा सामना संपून सव्वा महिना झाला होता. मी बोटीतून उतरलो होतो, आगगाडीतून उतरलो होतो, चौसाळा मागं टाकून गाडीवाटेनं पायी गावाकडं निघालो होतो, तरी माझ्या डोक्यात तो सामना चालूच होता. वाटेत भेटेल त्याला मी थांबवत होतो. चौसाळ्याच्या एका दुकानदारानं मला नुसतं "कुटून आलात?" एवढंच विचारलं, तर त्या बिचाऱ्याला मी उभ्या उभ्या सगळी स्पर्धा ऐकवली. शेवटी त्यानं दुकानाच्या फळ्या लावायला घेतल्या, आणि बाहेर तर टळटळीत ऊन होतं.

तेव्हा मी बावीस-तेवीस वर्षांचा असेन. निजाम सरकारच्या रिसाल्यात सवार म्हणून भरती झालो आणि तीन वर्षं मिसर देशात वाळू खाऊन आलो. लढाईबद्दल मी इथं लिहिणार नाही. लिहायचं आहे ते लढाई थांबल्यावरचं. लढाई थांबली, पण घरी न्यायला बोटी मिळेनात. हजारो माणसं तंबूत बसून एकमेकांवर खेकसायला लागली. तेव्हा बड्या साहेबांनी ठरवलं की आता फौजांनी आपसात खेळावं. पाच-सहा मुलखांचे संघ उतरले. विलायतेचे, वेल्सचे, ऑस्ट्रेलियाचे, दक्षिण आफ्रिकेचे, न्यूझीलंडचे. खेळाचं नाव रग्बी.

मैदान आमच्या घोड्यांच्या दावणीला लागूनच होतं. उंटावरून पाणी आणून वाळूवर शिंपायचे, वरून रूळ फिरवायचे आणि चुन्याच्या रेघा मारायचे. आम्ही चाऱ्याच्या गठ्ठ्यांवर बसून बघायचो. पहिल्या दिवशी मला ती निव्वळ मारामारी वाटली. पंधरा गडी इकडं, पंधरा तिकडं, मधे अंड्याच्या आकाराचा कातडी चेंडू. तो बगलेत मारून पळत सुटायचं आणि समोरच्यानं कमरेला मिठी घालून आडवं पाडायचं. पलीकडच्या रेघेमागं चेंडू जमिनीला टेकवला की गुण. दुसऱ्या दिवशी थोडं थोडं उमजायला लागलं. तिसऱ्या दिवशी मी गठ्ठ्यावर उभा राहून घसा फाटेस्तोवर ओरडत होतो. कुणाच्या बाजूनं ओरडतोय हे माझं मलाही ठाऊक नव्हतं.

आम्ही बैल पारखणारी माणसं. त्या गड्यांचे खांदे बघायचो, छाती बघायचो, पायांची ठेवण बघायचो, आणि कोण शेवटपर्यंत टिकणार, कोण अर्ध्यात बसणार, हे शेजारच्या सवाराला आधीच सांगून ठेवायचो. बहुतेक वेळा माझं खरं ठरायचं. विलायतेच्या संघातला एक तांबड्या केसांचा धिप्पाड गडी बघून सगळे तोंडात बोटं घालायचे. मी म्हणालो, हा ऊन चढलं की बसणार. आणि त्या दिवशी तरी बसला.

न्यूझीलंडच्या संघात गोऱ्यांच्या जोडीला त्यांच्या मुलखातले मूळचे लोक होते. रंगानं थेट आपल्यासारखे. सामना सुरू व्हायच्या आधी ते रांगेत उभे राहायचे, मांड्यांवर थापा मारायचे आणि डोळे वटारून अशी आरोळी ठोकायचे की आमचे घोडे खुंटे उपटायला बघायचे. दोन घोड्यांचे लगाम धरून ठेवण्यात माझा दर वेळी सुरुवातीचा खेळ बुडायचा. पण मी त्यांचाच झालो. सावळा गडी गोऱ्या साहेबाला उचलून वाळूत आपटतो, साहेब उठतो, कपडे झटकतो आणि पुन्हा खेळायला लागतो, हे मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. आमच्याकडं साहेबाची टोपी वाऱ्यानं उडाली तरी दहा माणसं भीतीनं पळतात.

एक नियम मात्र मला कळायला चार सामने लागले. हातातला चेंडू पुढच्या माणसाला द्यायचाच नाही. द्यायचा तर मागच्याला. तोंड पुढं, पाय पुढं, रेघ पुढं, आणि चेंडू मागं! मला तर हा नियम कुणा वेड्यानं केला असावा असंच वाटायचं. शेवटच्या सामन्यात तो उमगला. न्यूझीलंड आणि विलायत. गुण सारखे. वेळ संपत आलेला. एक सावळा गडी, ज्याच्या कानातून रक्त गळत होतं, तिघांना झटकून रेघेपर्यंत गेला. वीतभर अंतर उरलं आणि तांबड्या केसांच्या त्या धिप्पाडानं त्याला धरला. दुसरा कुणी असता तर तसाच चेंडू कवटाळून पडला असता. यानं पडता पडता, मागं न बघता, चेंडू मागं सोडला. मागून एक काटकुळा गोरा पोरगा आला, त्यानं तो झेलला आणि रेघेमागं अंग टाकलं. मी गठ्ठ्यावरून खाली पडलो. शेजारचा सवार माझ्या अंगावर पडला. घोड्यांनी आमच्याकडं बघून कान टवकारले.

आणि नंतरची गोष्ट. खेळ संपल्यावर हरलेल्यांनी दोन रांगा केल्या आणि जिंकलेले त्यांच्या मधून टाळ्यांच्या गजरात बाहेर पडले. घटकाभरात तो सावळा गडी आणि तो तांबडा धिप्पाड एकाच मगातून आळीपाळीनं पीत बसलेले मी पाहिले. ज्यानं कान फोडला तोच आता कानाला पट्टी बांधत होता. मला हसू येत होतं आणि डोळ्यांत पाणीही येत होतं. हे गावाला सांगायचंच, एवढं एकच तेव्हा मनात पक्कं झालं.

गावात पोचलो. वहिनीनं तांब्याभर पाणी ओवाळून टाकलं, दादानं पाठीवर थाप मारली. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, गावचा माली पाटील. मी घरभर नजर फिरवली. बायको कुठं दिसेना.

"ती कुटं हाय?" मी हळूच विचारलं.

वहिनीनं मान खाली घातली. दादा म्हणाला, "बापाच्या घरी."

बापाचं घर आमच्या घरापासून तीनशे पावलांवर. आमची सोयरीक गावातच झालेली. आमच्या गावाला पाटील दोन. वरच्या आळीत माली पाटील, म्हणजे सारा गोळा करणारं आमचं घर. खालच्या आळीत पोलीस पाटील, गावचा बंदोबस्त बघणारे, ते माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणत असे. लग्न झालं तेव्हा दोन्ही घरं एका ताटात जेवत होती. मग मी मिसरला गेलो आणि मागं पोळ्याचा तंटा उभा राहिला.

पोळ्याला गावाच्या वेशीत आंब्याच्या पानांचं तोरण बांधतात, आणि सगळ्या गावाचे सजवलेले बैल त्याखालून जातात. पहिली जोडी मानाची. ती कुणाची, यावर दोन्ही पाटलांचं कधीच एकमत नव्हतं, पण दर साली कुणीतरी समजूतदार म्हातारा वेळ मारून नेत असे. तो म्हातारा गेला. त्या पोळ्याला दोन्ही जोड्या एकदमच वेशीत घुसल्या, काठ्या निघाल्या, आणि दादाच्या काठीनं माझ्या मेहुण्याचं डोकं फुटलं. मामा तसेच रक्तानं भरलेल्या सदऱ्यातल्या पोराला घेऊन आमच्या दारात आले आणि माझ्या बायकोला माहेरी घेऊन गेले. त्याला आता दोन वर्षं होत होती.

मी वेशीत मामांना गाठलं. त्यांनी माझी खुशाली विचारली, मिसरात पाऊस पडतो का ते विचारलं, आणि मग स्पष्ट सांगितलं.

"जावईबापू, तुमच्यावर माजा राग न्हाई. पर पोळ्याचा मान आमचा हाय हे तुमच्या भावानं गावापुडं कबूल करावं. मग त्याच पावली लेक धाडतो."

हे मी दादाला सांगितलं. दादा म्हणाला, "बायकू दुसरी करता येती. मान दुसरा मिळत न्हाई."

मी तीन वर्षं पलटणीत शिस्तीत काढली नसती तर त्या दिवशी दादाचंही डोकं फुटलं असतं. मी ताटावरून उठलो आणि पारावर जाऊन बसलो. तिथं चार माणसं होती. त्यांनी विचारलं, मिसरात काय बघितलं? आणि मी सुरू झालो.

आषाढ सगळा आणि श्रावण अर्धा मी पारावर बोलत होतो. रोज दिवस कलायला लागला की माणसं जमायची. दोन्ही आळ्यांची जमायची, पाराच्या दोन बाजूंना बसायची, पण जमायची. मी काठीनं मातीत रेघा मारायचो, आरोळी ठोकून दाखवायचो, कुणालाही कमरेला धरून आडवं पाडायचो. विश्वास कुणाचाच नव्हता.

"अंड्यासारका चेंडू?" एकजण म्हणायचा. "कुंच्या कोंबडीनं घातला बे?"

"आन म्होरं जायाचं तर मागं कावून द्यायाचं? बैल म्होरं हाणायचा तर शेपटी कोन वडतंय?"

"आन मारामारी झाल्यावर एका मगातून पिले! ह्याला मिसरचं ऊन लागलंय."

पोरासोरांनी माझं नाव अंडेवाला ठेवलं. मी तापायचो, आणि तापलो की आणखी सांगायचो. मधेच कधी खालच्या आळीच्या तोंडाशी, आडावर, ती दिसायची. घागर भरून झाली तरी थांबायची. मी पारावरून बघायचो, ती तिकडून बघायची. मग ती घागर उचलून निघून जायची आणि मी पुन्हा शेवटच्या सामन्यावर यायचो.

पोळा दहा दिवसांवर आला तेव्हा अमीनसाहेब, म्हणजे पोलिसांचे मोठे अंमलदार, घोड्यावरून आले. त्यांनी दोन्ही पाटलांना वेशीत उभं केलं आणि सुनावलं. "या साली एक काठी उचलली गेली तर बैल गोठ्यात राहतील आणि तुम्ही दोघं कोठडीत."

मग मारुतीसमोर गाव बसलं. कुणी म्हणालं कुस्ती लावा. पण मागं कुस्ती लावली होती तेव्हा पाठ टेकली की नाही यावरच दंगल झाली होती. कुणी म्हणालं चिठ्ठ्या टाका. तर चिठ्ठी उचलणार कुणाच्या आळीचा, यावर सगळे उभे राहिले. मी मागं बसून फुरफुरत होतो. शेवटी राहवेना. मी उठून ओरडलो, "खेळून ठरवा! पंधरा वरचे, पंधरा खालचे. रेघेमागं टेकवला की टेकवला. त्यात वाद कशाचा?"

सगळं गाव हसलं. दादा हसला, मामा हसले. पण दोन्हीकडची तरणी पोरं हसली नाहीत. महिनाभर त्यांच्या अंगात तो खेळ मुरला होता. "आमी तयार हाव," वरच्या आळीतून एकजण म्हणाला. "तुमी तयार असाल तर आमी कवाच तयार हाव," खालून उत्तर आलं. पोरं पुढं सरली तसे दोन्ही पाटील मागं सरू शकेनात. ज्याचा संघ आधी रेघेमागं टेकवेल त्याची जोडी आधी.

पंच कोण? इथं पुन्हा घोळ व्हायला आला होता. तेव्हा गुरवच म्हणाला, "ह्योच. भाऊ हिकडं, बायकू तिकडं. ह्यो एकटाच दोनी घरचा हाय." आणि ते दोन्ही आळ्यांना पटलं. 

त्याच दिवशी मामांनी मला वाटेत थांबवलं. "जावईबापू, आमी जिंकलो तर सामना संपल्या संपल्या लेक तुमच्या घरी येईल. हरलो तर मग ती पुन्हा तुमच्या उंबऱ्यावर दिसायची न्हाई." ते रागानं बोलले नाहीत, उगाच काळजीपोटी सांगितल्यासारखं बोलले, आणि त्यामुळंच मला ते खरं वाटलं. म्हणजे माझ्या सख्ख्या भावानं हरावं, ही माझी गरज. आणि पंच मीच.

तयारीचे दिवस मजेत गेले. आधी आम्ही जुन्या मोटेच्या कातड्याचा चेंडू शिवून आणला, भुसा भरून. पण एक रेघ मारुतीच्या पायरीशी येत होती आणि गुरवानं साफ सांगितलं, कातडं देवापुढं चालणार नाही. तेव्हा अंड्याच्या आकाराचं दुसरं काय? नारळ! नांदूरघाटच्या बाजारातून शेंडीचा नारळ आणला, त्यावर जुनं धोतर फाडून गुंडाळलं आणि सुतळीनं करकचून बांधलं. चेंडूला लाथ मारायचा भाग मी खेळातून गाळूनच टाकला. नारळाला लाथ मारायला तीस जणांतला एकही तयार झाला नसता. मागं द्यायचा नियम मात्र मी ठेवला. पोरांनी लई कुरकुर केली, पण ठेवला. आणि पुन्हा पुन्हा बजावलं: टेकवायचा, नुसता टेकवायचा.

पोळ्याला तीन दिवस होते. रात्रभर झिमझिम होऊन गायरानातली काळी माती लोण्यासारखी झाली होती. एका टोकाला वेस, दुसऱ्या टोकाला मारुती. खालच्या आळीनं मारुतीकडं पळायचं, वरच्या आळीनं वेशीकडं. सगळं गाव बांधावर. बायका मारुतीच्या बाजूच्या बांधावर पदर सावरून उभ्या. त्यांत ती होती. मी तोंडात दोन बोटं घालून शिट्टी मारली.

काय सांगू! मिसरच्या साहेबांनी हे पाहिलं असतं तर टोप्या उडवल्या असत्या. दोन्हीकडचे आठ-आठ गडी खांद्याला खांदा लावून चिखलात भिडले तेव्हा रुतलेली गाडी काढतात तसा एकच हुंकार निघाला. दादा चाळिशीला आलेला, तरी धोतर खोचून उतरला होता. माझा मेहुणा अंगानं सडपातळ, पण पायात वारं. दोनदा तो सुटला आणि दोनदा दादानं त्याला चिखलात लोळवला. दुसऱ्यांदा लोळवल्यावर दादानंच त्याला हात देऊन उठवलं. ज्याचं डोकं फोडलं होतं त्याला! बांधावर कुणीतरी "अरे वा" म्हणालं. मी शिट्टी विसरून नाचायला लागलो होतो. वरच्या आळीनं एकदा नारळ वेशीपासून चार हातांवर नेला, आणि बांधावरचे म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडले. मला अंडेवाला म्हणणारा तो गडी, ज्यानं शेपटी ओढायची चेष्टा केली होती, पडता पडता मागच्याला नारळ देताना मी डोळ्यांनी पाहिला. "दिला! मागं दिला!" मी बोंबललो. पंचानं बोंबलू नये हे मला माहीत होतं. पण राहवतं कुठं?

मग ते झालं. खालच्या आळीच्या एका गड्याला तिघांनी वेढलं. मेहुणा त्याच्या पुढं, चांगला दहा पावलं पुढं, मोकळा. गड्यानं नारळ त्याच्याकडं फेकला. पुढं. नारळावरचं धोतर केव्हाच सुटून चिखलात पडलं होतं, नुसता नारळ हवेतून गेला. मेहुण्यानं तो झेलला आणि मारुतीकडं सुसाट सुटला. खालची आळी बेभान झाली. मामांनी पागोटं उडवलं. बांधावर ती ओठांवर पदर धरून उभी होती.

माझी बोटं तोंडापाशी होती. शिट्टी न मारणं किती सोपं होतं! तीस माणसं चिखलानं माखलेली, निम्म्यांना तो नियमच पुरता कळलेला नव्हता. फेक पुढं गेली हे मी आणि मारुतीनंच नीट पाहिलं होतं. मी गप्प राहिलो असतो तर दिवेलागणीला माझ्या घरात माझी बायको असती.

मी शिट्टी मारली. दोन्ही हात वर करून ओरडलो, "न्हाई! म्होरं फेकला! मोजायचा न्हाई!"

मेहुण्याला ते ऐकूच गेलं नाही. तो रेघेपर्यंत गेला, रेघ ओलांडली, समोर मारुती, हातात नारळ. आणि लहानपणापासून प्रत्येक शनिवारी जे केलं तेच त्यानं केलं. पायरीच्या दगडावर नारळ आपटला. दोन शकलं झाली, पाणी पायरीवरून ओघळलं, आणि मेहुण्यानं हात जोडून डोळे मिटले.

 मग सगळे एकदम बोलायला लागले. वरची आळी म्हणे, पंचानं रद्द केलंय. खालची आळी म्हणे, देवाला नारळ वाढवला, देवानं घेतला, आता पंच कोण लागून गेला? मी म्हणालो, चेंडूच फुटला, आता खेळ पुढं कसा न्यायचा? मेहुणा म्हणाला, "माज्या हातून सवयीनं झालं," आणि रडकुंडीला आला. गुरव तेवढ्यात शांतपणे खोबऱ्याचे तुकडे करत होता. वाढवलेल्या नारळाचा प्रसाद नको म्हणायची गावात कुणाची छाती नव्हती. तीस चिखलमाखले हात पुढं आले. दादानं घेतला, मामांनी घेतला.

पोळ्याचं पुढं काय झालं ते इथंच सांगून टाकतो. गुरवानं निकाल दिला की एक बैल या पाटलाचा, एक त्या पाटलाचा, आणि दोन्ही मिळून मानाची जोडी. दोन्ही बैल माजलेले, शिंगांना बेगड नि गोंडे, वेस अरुंद. दोघं एकमेकांना रेटत वेशीत अडकले, तोरण गुरवाच्या गळ्यात पडलं आणि गाव पोट धरधरून हसलं. पण काठी उठली नाही.

त्या दिवशी मारुतीपुढं मात्र हसण्यासारखं काही नव्हतं. मामा प्रसाद तोंडात टाकून माझ्याकडं आले. चेहरा दगडासारखा.

"जिंकलो न्हाई आमी," ते म्हणाले. "तुमीच जिंकू दिलं न्हाई. आपला बोल ठरला होता."

"ठरला होता," मी म्हणालो. खोटं सांगत नाही, मला तेव्हा पश्चात्ताप झाला नाही. नुसता आतून रिकामा झालो.

तेवढ्यात बायकांच्या बांधावर हालचाल झाली. ती खाली उतरत होती. गाव बघत होतं, सासू हाका मारत होत्या, पण ती चिखलातून सरळ चालत आली, तीस गड्यांच्या मधून. गडी बाजूला सरले. माझ्यापासून चार हातांवर ती थांबली. तीन वर्षांनी मी तिला एवढ्या जवळून बघत होतो.

ती आधी बापाशी बोलली. "आबा, मी जाती."

"आपला बोल—"

"बोल तुमच्या दोगांचा झाला. मला कुनी इचारलं?" मग ती दादाकडं वळली. "भावजी, वाटंतून सरा." दादा, सगळ्या गावाला धाक घालणारा माझा दादा, एका बाजूला झाला.

मामा पागोटं चिखलातून उचलून झाडत राहिले. ती वरच्या आळीकडं चालू लागली आणि मी तिच्या मागं. आमच्यात दोन-तीन पावलांचं अंतर. मला वाटलं तिनं माझा निवाडा पाहिलाय, मी बायकोवर पाणी सोडलं पण खोटं बोललो नाही हे पाहिलंय, आणि म्हणूनच ती आली.  मी तसं बोलूनही दाखवलं. "बघितलंस ना? म्होरं फेकलाच होता त्यानं."

ती उंबऱ्याशी थांबली. वळून माझ्याकडं बघितलं. डोळे भरलेले, पण आवाज ठणठणीत.

"त्यो म्होरं फेकला का मागं, मला काय करायचंय त्याचं? आल्यापास्नं दोन म्हयने होत आले. रोज आडावर हुबी ऱ्हायची मी. तुमी रोज पारावर. सगळ्या गावाला सांगत बसला. आबा न्हाई म्हनत हुते, भावजी न्हाई म्हनत हुते. पर तुमी एकदा, एकदाच, आमच्या दारात येऊन हाक मारली असती, तर मी त्याच पावली निगून आली असती."

एवढं बोलून ती आत गेली आणि तिनं चूल पेटवायला घेतली. मी उंबऱ्यावर तसाच उभा राहिलो. गायरानातून अजून आरोळ्या ऐकू येत होत्या.